आखूड दावं : पीएल-४८०च्या गव्हाची गोष्ट

१८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे भारतातले राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी दिल्लीत भारत सरकारला एक धनादेश दिला. रक्कम होती १,६६४ कोटी रुपये. एका धनादेशावरची जगातली सर्वांत मोठी रक्कम म्हणून गिनेस बुकानं तिची नोंद घेतली. गंमत अशी, की त्यात एकही डॉलर नव्हता. पैसे रुपयांतले होते, भारतातच साठलेले होते, आणि आधीच्या दीड-दोन दशकांत भारतानं घेतलेल्या अमेरिकी धान्याच्या किमतीपोटी ते जमा झाले होते. अमेरिकेच्या खात्यात आपले एवढे रुपये आले कसे, आणि ते परत देऊन टाकावेत असं अमेरिकेला का वाटलं? उत्तरासाठी वीस वर्षं मागे जावं लागतं. वाटेत एक राष्ट्राध्यक्ष भेटतो, ज्यानं गव्हाच्या जहाजांचा वापर दाव्यासारखा करून बघितला.

परदेशी मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोन सूर ऐकू येतात. एक, अमेरिकेनं तेव्हा गहू दिला म्हणून आपण जगलो. दुसरा, अमेरिकेनं नको असलेला गहू आपल्या गळ्यात मारून आपल्याला मिंधं केलं. हे सूर एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोन्हींच्या तळाशी गृहीतक एकच आहे : देणाऱ्याचं चालतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. या लेखात ते गृहीतकच तपासायचं आहे. भारतानं पोळी खाल्ली हे उघड आहे. टाळी वाजवली का?

नको झालेलं धान्य

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शेतकऱ्याला सरकारी आधारभावाचं संरक्षण होतं. भाव ठरलेला, यंत्रं नवी, खतं मुबलक. पीक वाढत गेलं आणि सरकारनं उचललेला गहू कोठारांत साठत गेला. तो देशातल्या बाजारात ओतावा तर भाव कोसळणार, नासू द्यावा तर लोक बोंब मारणार, आणि नुसता ठेवायचा तरी भाडं भरायचं. या अडचणीवरचा तोडगा म्हणजे १० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेला 'पब्लिक लॉ ४८०', म्हणजेच पीएल-४८०. कायद्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्यात शेती व्यापाराचा विकास आधी येतो, साहाय्य नंतर. 'शांततेसाठी अन्न' हे गोड नाव केनेडींच्या काळात रूढ झालं.

कायद्याची रचना चतुर होती. ज्या देशाकडे डॉलर नाहीत त्यानं आपल्याच चलनात किंमत भरायची. ते पैसे त्याच देशात अमेरिकेच्या नावावर जमा राहणार. त्यातला काही भाग अमेरिकी वकिलातीच्या खर्चाला जाणार आणि बराचसा भाग त्याच देशाला विकासकामांसाठी कर्ज किंवा अनुदान म्हणून परत मिळणार. सरकारी मदतीच्या मालापैकी निम्मा तरी अमेरिकी जहाजांतून गेला पाहिजे, असा आणखी एक कायदा त्याच वर्षी झाला. थोडक्यात, शेतकरी खूश, जहाज कंपन्या खूश, कोठारं रिकामी, आणि वर दातृत्वाचं पुण्य.

भारतालाही हे सोयीचं होतं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा भर पोलाद, यंत्रं आणि वीज यांवर होता आणि परकीय चलनाची चणचण होती. धान्य रुपयांत मिळालं तर डॉलर यंत्रांसाठी वाचणार होते. पहिला करार ऑगस्ट १९५६मध्ये झाला. मग ४ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मल्यावर तीनच दिवसांनी, तेव्हाचे अन्नमंत्री आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख टन धान्याचा करार केला : १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. करारावर अमेरिकेच्या बाजूनं खुद्द आयझेनहॉवर यांनी सही केली.

त्याच वर्षी थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं एक अडचणीचा मुद्दा मांडला. बाहेरून स्वस्त धान्य येत राहिलं तर घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव दबतो आणि तिथल्या सरकारचं शेतीकडे दुर्लक्ष होतं. भाव किती दबले यावर अर्थशास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण दुसरा भाग नाकारणं अवघड आहे. शहरांतल्या रेशन दुकानांची सोय गोदीतून होत असेल, तर पंजाब किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला चांगला भाव द्यायची निकड दिल्लीला का वाटावी?

आधीची एक झलक

गव्हाला राजकारण चिकटतं हे भारताला तोवर ठाऊक नव्हतं असं नाही. १९५१च्या सुरुवातीला टंचाई होती आणि ट्रूमन यांनी भारताला २० लाख टन धान्य देण्याचा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवला होता. तेव्हा कोरियाचं युद्ध सुरू होतं. चीनला आक्रमक ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावाविरुद्ध भारतानं मत दिलं होतं. अमेरिकी काँग्रेसमध्ये चर्चा महिनोन्‌महिने रेंगाळली. नेहरू आपल्याला उपदेश करतात आणि आपल्याकडेच धान्य मागतात, हा त्या चर्चेचा एकंदर सूर. अनुदानाचं अखेर १९ कोटी डॉलरचं कर्ज झालं आणि कायदा जूनमध्ये मंजूर झाला. दरम्यान चीन आणि सोव्हिएत रशियाकडून धान्य येऊ लागलं होतं. अमेरिकेनं धान्य दिलं, पण उशिरा आणि कुरकुरत. त्यामुळे कृतज्ञतेऐवजी कडवटपणा उरला. हा धडा वॉशिंग्टनमधल्या काहींना समजला होता, सगळ्यांना नाही.

दावं

१९६५च्या जूनअखेरीस चालू करार संपला. नवा, एक-दोन वर्षांचा करार होईल अशी दिल्लीची अपेक्षा होती. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो केला नाही. धान्य थांबवलंही नाही. महिन्या-दोन महिन्यांना पुरेल एवढंच मंजूर करायचं, आणि ते संपत आलं की पुढचं बघायचं, अशी पद्धत त्यांनी सुरू केली. मंजुरीचा अधिकार स्वतःकडे ठेवला. इंग्रजीत या धोरणाला 'शॉर्ट टेदर' म्हणतात. मराठीत यापेक्षा नेमका शब्द आहे : आखूड दावं. गाय खुंट्याला बांधलेली असते, उपाशी नसते, पण दावं जेवढं लांब तेवढंच गवत तिच्या तोंडाला लागतं.

जॉन्सन यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. अमेरिकेची कोठारं आता पूर्वीसारखी ओसंडत नव्हती. भारत शेतीकडे पुरेसं लक्ष देत नाही ही त्यांची तक्रार खरी होती. आणि सगळा भार एकट्या अमेरिकेनं का उचलावा, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोप का नाही, हा प्रश्नही रास्त होता. पण याच यादीत आणखी एक गोष्ट होती. व्हिएतनामचं युद्ध तापत होतं, आणि १९५४पासून तिथल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद ज्या भारताकडे होतं, तो अमेरिकेच्या बॉम्बफेकीवर टीका करत होता.

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. १९६४-६५मध्ये देशात ८ कोटी ९४ लाख टन अन्नधान्य पिकलं होतं. १९६५-६६मध्ये ते ७ कोटी २३ लाख टनांवर आलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं आणि अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं आणि नवी आर्थिक मदत रोखली. लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हणत लोकांना सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं, तो हाच काळ. ज्याचं हातावर पोट आहे अशा माणसाचं रोजचं जेवण त्या दिवशीच्या कामावर ठरतं. देशाचं पोट तेव्हा जहाजांवर होतं.

नोव्हेंबर १९६५मध्ये रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेच्या परिषदेसाठी जमलेले असताना अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि भारताचे अन्न व कृषिमंत्री चि. सुब्रमण्यम यांनी एक समझोता केला. तो गुप्त ठेवण्यात आला. भारतानं शेतीवरचा खर्च वाढवायचा, खतांचा पुरवठा वाढवायचा, खत कारखान्यांत परदेशी खासगी भांडवलाला वाट मोकळी करायची, जास्त उत्पादन देणारं बियाणं पसरवायचं. बदल्यात गहू येत राहील.

जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या आणि मार्चच्या अखेरीस वॉशिंग्टनला गेल्या. भेट छान झाली. जॉन्सन यांनी लगेच अमेरिकी काँग्रेसला निरोप पाठवून भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याची शिफारस केली. ६ जूनला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून थेट ७ रुपये ५० पैसे झाला. जागतिक बँक आणि अमेरिका यांचा हा जुना आग्रह होता.

आणि मग जुलैत इंदिरा गांधी मॉस्कोला गेल्या. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवावी ही मागणी असलेलं आणि साम्राज्यवाद्यांवर ठपका ठेवणारं संयुक्त पत्रक तिथून निघालं. जॉन्सन भडकले. पुढच्या महिन्यांत नव्या धान्याची मंजुरी पुन्हा लांबत गेली. त्यांचे स्वतःचे मंत्री आणि सल्लागार, दिल्लीतले राजदूत चेस्टर बोल्स, सगळे सांगत होते की जहाजांची साखळी तुटेल, आता सोडा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता आणि बिहार होरपळत होता. वर्षाच्या अखेरीस थोडा गहू सुटला, पुढच्या फेब्रुवारीत आणखी. एप्रिल १९६७मध्ये बिहारच्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. जयप्रकाश नारायण तिथे मदतकार्य उभं करत होते.

एक आकडा इथं सांगायलाच हवा, नाहीतर चित्र एकांगी होईल. १९६६ या एका वर्षात भारतानं १ कोटी टनांहून जास्त धान्य आयात केलं. त्यातलं बहुतेक अमेरिकेचं होतं, आणि अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा साधारण पाचवा हिस्सा भारतात येत होता. दावं आखूड होतं, पण त्या दाव्याच्या टोकाला गवत होतं आणि त्यावर कोट्यवधी माणसं जगली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तारखांचा लॉग

या दाव्यानं नेमकं काय साधलं? माझा धंदा सॉफ्टवेअरचा. कोडमधला एखादा बदल कुणामुळे झाला यावर वाद झाला, की आम्ही आधी लॉग उघडून तारखा बघतो. इतिहासात हे इतकं सोपं नसतं, पण तारखा इथंही उपयोगी पडतात. जॉन्सन यांच्या मागण्या तीन प्रकारच्या होत्या. त्या वेगळ्या करून बघू.

पहिली, शेती. इथं दावं यशस्वी झालेलं दिसतं. रोममध्ये ठरलं तसं भारतानं खरंच केलं. १९६६मध्ये मेक्सिकोहून लेर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. पण लॉग बघा. नॉर्मन बोरलॉग भारतात येऊन गेले होते १९६३मध्ये, आणि एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी तेव्हापासूनच या वाणांवर काम करत होते. सुब्रमण्यम कृषिमंत्री झाले जून १९६४मध्ये. शेतकऱ्याला भावाची हमी देण्यासाठी कृषिमूल्य आयोग आणि खरेदीसाठी भारतीय अन्न महामंडळ, या दोन्ही संस्था जानेवारी १९६५मध्ये उभ्या राहिल्या. दावं आखूड झालं त्याच्या निदान पाच महिने आधी. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवून नवा गहू लावला होता. हा माणूस कुणी ओढला म्हणून चालत नव्हता. तो आधीच त्या दिशेनं निघाला होता. वॉशिंग्टनच्या दबावाचा त्याला एक उपयोग मात्र झाला. मंत्रिमंडळात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्यासारखे मातब्बर विरोधक होते, आणि त्यांच्यापुढे 'हे केलं नाही तर गहू येणार नाही' हा युक्तिवाद जड पडत होता.

दुसरी, रुपया. इथं भारत ओढला गेला. अवमूल्यनाच्या बाजूचे लोक दिल्लीतही होते, पण पक्षात आणि देशात त्यासाठी जमीन तयार नव्हती. ज्या मोठ्या मदतीच्या भरवशावर ते केलं ती पुढच्या वर्षांत अपेक्षेइतकी आली नाही, आणि सलग दुसऱ्या दुष्काळानं निर्यातवाढीची आशा खाऊन टाकली. लोकांच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली : परक्यांच्या सांगण्यावरून रुपया पाडला. अवमूल्यन हा शब्दच भारतीय राजकारणात इतका बदनाम झाला, की तसं मोठं पाऊल पुन्हा उचलायला १९९१ उजाडावं लागलं. १९६७च्या निवडणुकीत काँग्रेस ५२०पैकी २८३ जागांवर आली. महागाई, टंचाई, अंतर्गत भांडणं अशी कारणं अनेक होती. पण योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे : आयझेनहॉवर यांच्याशी गव्हाचा करार करणारे स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरले, आणि गव्हाची आयात संपवायला निघालेले सुब्रमण्यमही तमिळनाडूत हरले.

तिसरी, व्हिएतनाम. इथं दावं जितकं ओढलं तितका भारत उलटा गेला. गव्हाची सगळ्यांत जास्त गरज असलेल्या उन्हाळ्यात भारताच्या पंतप्रधानांनी मॉस्कोतून अमेरिकेला दुखावणारं पत्रक काढलं. याला कुणी मुत्सद्देगिरीतला अडाणीपणा म्हणेल. पण भारतात तेव्हा कुठल्याही सरकारला दुसरं काही करणं अवघड होतं. गहू घेतो म्हणून गप्प बसतो असं दिसणं, हे गहू न मिळण्याइतकंच महागात पडलं असतं. पोळी खाल्ली, टाळी वाजवली नाही. उलट पोळी खातोय म्हणूनच टाळी वाजवता येईना.

या तीन निकालांतून मला एकच गोष्ट दिसते. मदतीनं बांधलेलं दावं जनावराला त्याच दिशेनं नेऊ शकतं जिकडे त्याला मुळात जायचंच होतं. इतर दिशांना ते एक तर ताणलं जातं, नाहीतर तुटतं. आणि ज्यानं ते ओढलं त्याला श्रेय मिळत नाही. ओढल्याचा वण तेवढा मागे राहतो.

तुटलेलं दावं

१९६७-६८मध्ये पाऊस चांगला झाला, नवं बियाणं रुजलं आणि धान्य ९ कोटी ५१ लाख टनांवर गेलं. गव्हाचं पीक एका वर्षात १ कोटी १४ लाख टनांवरून १ कोटी ६५ लाख टनांवर पोचलं. १९७१-७२पर्यंत ते २ कोटी ६४ लाख टन झालं. सरकारनं राखीव साठा भरायला घेतला. इंदिरा गांधींनी १९६६मधून काढलेला धडा साधा होता : धान्यासाठी पुन्हा कुणापुढे उभं राहायचं नाही. हरित क्रांतीची किंमत पुढे पंजाबच्या भूजलानं आणि मातीनं मोजली, तो वेगळा विषय आहे. पण ती इतक्या घाईनं, इतक्या एकाच पिकावर भर देऊन का झाली, याचं एक उत्तर त्या आखूड दाव्यात आहे.

जॉन्सन गेले, निक्सन आले. १९७१च्या डिसेंबरमध्ये बांगलादेशाच्या युद्धात त्यांना भारताला रोखायचं होतं. त्यांनी आर्थिक मदत थांबवली, बंगालच्या उपसागरात आरमार पाठवलं. भारत तेव्हा सुमारे एक कोटी निर्वासितांना खायला घालत होता, आणि कोठारांत आपलं धान्य होतं. ज्या क्षणी गव्हाचं दावं खरोखर कामाला आलं असतं, त्या क्षणी ते अमेरिकेच्या हातात उरलंच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ओढून ओढून त्यांनी स्वतःच ते तोडलं होतं.

आता मॉयनिहन यांचा धनादेश समजतो. गहू खाऊन संपला होता, रुपये मात्र खात्यात वाढत होते. एवढे रुपये बाजारात आणावेत तर महागाई भडकणार, आणि न आणावेत तर ते फक्त एका मोठ्या कर्जाचं स्मारक म्हणून उभे राहणार. त्यांच्या जोरावर काही मिळत नव्हतं, वितुष्ट तेवढं मिळत होतं. म्हणून मोठा हिस्सा सोडून दिला गेला.

त्या रुपयांतून झालेली एक चांगली गोष्ट आपल्यासारख्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६२पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीनं याच पैशांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. मराठीही त्यात होती. त्या काळातल्या ग्रंथालयीन नोंदींवर 'पीएल ४८०' असा शेरा आढळतो. कवितासंग्रहावर गव्हाचा कायदा!

लोकांच्या आठवणीत मात्र पुस्तकं राहिली नाहीत, गवत राहिलं. महाराष्ट्रभर माजलेलं गाजर गवत पीएल-४८०च्या गव्हातून आलं, असं घराघरांत सांगतात. त्याला 'काँग्रेस गवत' असंही म्हणतात. इथंही लॉग काढला तर गंमत दिसते : हे गवत पुण्यात १९५५मध्ये दिसल्याची नोंद आहे, आणि पीएल-४८०चा भारताशी पहिला करार १९५६चा. तसंच मिलोचं. माझ्या आजीच्या बोलण्यात १९७२च्या दुष्काळातली लाल मिलो आणि सुकडी अजून येते, आणि तीही तिच्या लेखी 'अमेरिकेनं पाठवलेली'च असते. तोवर पीएल-४८०चा सवलतीचा गहू बंद झाला होता. तरी लोकस्मृतीनं गवत, मिलो आणि गहू यांची एकच मोळी बांधली, कारण तिला तारखा नाही, मिंधेपणा आठवत होता.

ज्यांना दुसरा खुंटा नसतो

भारताची गोष्ट इथं थांबवली तर ती जरा जास्तच सुखान्त होईल. भारत मोठा होता. त्याच्याकडे मॉस्कोचा पर्याय होता, शास्त्रज्ञ होते, पंजाब होता. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याचं काय होतं, ते १९७४मध्ये शेजारी दिसलं. नव्या, कंगाल बांगलादेशानं क्यूबाला तागाची पोती विकली होती. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला पीएल-४८०चं धान्य देऊ नये, असं अमेरिकी कायदा सांगत होता. पूर आले, भाव आकाशाला भिडले, आणि धान्य अडकून राहिलं. बांगलादेशानं क्यूबाची निर्यात बंद केली. म्हणजे दावं यशस्वी झालं. जहाजं पोचेपर्यंत दुष्काळाचा सर्वांत वाईट काळ उलटून गेला होता. सरकारी आकड्यानुसार सुमारे २६ हजार माणसं गेली. बाहेरचे अंदाज याच्या कित्येक पट आहेत. सगळा दोष त्या एका विलंबाचा नव्हता. साठेबाजी, रोजगार बुडणं, ढिसाळ कारभार हेही होतं. पण क्यूबाला मिळालेल्या काही लाख पोत्यांसाठी ताणावं असं ते दावं नव्हतं.

दावं आता कुणाच्या हातात?

२०१२मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात इतर देशांना द्यायच्या मदतीसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज आपण देणारे आहोत. २०२२च्या आर्थिक संकटात श्रीलंकेला सुमारे ४०० कोटी डॉलरचा आधार दिला. त्याच वर्षी अफगाणिस्तानसाठीच्या ५० हजार टन गव्हातले पहिले ट्रक पाकिस्तानमार्गे निघाले. १९६६मध्ये गव्हाच्या जहाजांची वाट बघणारा देश गहू पाठवतो आहे, याचा अभिमान वाटतोच.

पण जुलै २०१३ही आठवायला हवा. भूतानमध्ये मतदान आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेलं असताना भारतानं तिथल्या स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं. जुन्या योजनेचा कालावधी संपला, हे अधिकृत कारण. भूतानच्या पंतप्रधानांनी आदल्या वर्षी चीनच्या पंतप्रधानांची भेट घेतली होती, हे सगळ्यांना माहीत असलेलं दुसरं कारण. त्यांचा पक्ष हरला. काही आठवड्यांत अनुदान पूर्ववत झालं. दिल्लीत काहींना हा डाव जमल्यासारखा वाटला असेल. थिंफूमध्ये गॅसच्या टाकीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याचा अंदाज आपल्याइतका चांगला दुसऱ्या कुणाला करता येणार? आपल्याकडे तर पन्नास-साठ वर्षांनीही गवताला नावं ठेवणं चालू आहे.

मदत ही परराष्ट्र धोरणाचाच भाग असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुठलाही देश करदात्याचा पैसा निव्वळ भूतदयेपोटी दुसऱ्याला देत नाही. प्रश्न देणाऱ्यानं बदल्यात काय मागावं एवढाच आहे. शेजाऱ्याला स्वतःला जे करायचंच आहे ते करायला बळ दिलं, तर मैत्री उरते. त्याच्या घरात कोण निवडून यावं आणि त्यानं कुणाला भेटावं, हे मदतीच्या जोरावर ठरवायला गेलं, तर तो आज मान तुकवेल आणि उद्यापासून दुसरा खुंटा शोधायला लागेल. आपणही तेच केलं होतं.